अस्वलाचा आवाज

काकांनी आयुष्यभर थिएटरात सिनेमे दाखवले, पण एकही धड ऐकला नाही. मशीनच्या खोलीत एवढी घरघर असायची की बाहेरचं काही कानावर पडायचंच नाही. मग छोट्या खिडकीतून पडद्यावरचे ओठ बघत ते संवाद स्वतःच रचायचे. नायिका विरहाने रडत असली, तरी काकांच्या मते ती दूधवाल्याशी हुज्जत घालत असायची. घरी येऊन तेच आम्हाला रंगवून सांगायचे. मी पुतणी भोळी, सगळं खरं मानायचे आणि मैत्रिणींमध्ये तोंडघशी पडायचे.

थिएटर बंद पडलं आणि काका गप्पच झाले. टीव्हीसमोरही नुसते बसून राहायचे. मला ते बघवायचं नाही.

या सुट्टीत त्यांची लेक, आमची ताई, परदेशातून येणार होती, तिच्या छोटीला घेऊन. छोटीला आपली भाषा जेमतेम कळायची. फोनवर काका "बोल बाळा, बोल" म्हणाले की ती धूम ठोकायची. पोरीने एकदा तरी आपल्याजवळ बसावं, एवढाच काकांना ध्यास. ती आवडत्या सिनेमाची डिस्क आणणार होती. पण तिकडच्या डिस्क आमच्या प्लेअरवर चालत नाहीत, हे मागच्या खेपेला कळलं होतं. काकांनी दुकानं पालथी घातली आणि मल्टी-रीजन डीव्हीडी प्लेअर आणला.

"कुठल्याही देशाची डिस्क घाला, मुकाट चालते!" ते येईल त्याला सांगत सुटले.

"जगाचं ऐकणारं यंत्र आणलंत," काकू म्हणाली, "आता घरातलंही ऐका."

पडदे ओढून खेळ सुरू झाला. एका अस्वलाची टोपी हरवते, अशी काहीतरी गोष्ट. छोटी आईला चिकटलेली, काका सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला. डिस्क झकास चालली. आणि ऐन रंगात काकांनी सवयीने सिनेमा थांबवून दिवे लावले. मध्यंतर! पोरीला वाटलं, बिघडलं सगळं. तिने भोकाड पसरलं. गडबडून काकांनी रिमोटची दिसतील ती बटणं दाबली. चित्र आलं, आवाज गेला. रडणं आणखी वाढलं.

तेवढ्यात पडद्यावर अस्वलाने तोंड उघडलं, आणि काका बोलून गेले, "अहो मॅनेजर, माझी टोपी तिकीटखिडकीवर राहिली!"

समोर बदक आलं. "डोकं तरी आणलंय ना घरी?" काकांचं बदक थेट काकूच्या आवाजात फणकारलं.

रडणं थांबलं. छोटी खुदकन हसली. काकूही हसली, आणि पदराने डोळे पुसू लागली. माझंही काही वेगळं नव्हतं.

इकडे ताईने रिमोट उचलून आवाज सुरू केला. अस्वल तिकडच्या भाषेत बोलू लागलं. काका ओशाळले. "हां, आता नीट ऐक हो बाळा," म्हणत मागे टेकले.

छोटी उठली. आईच्या हातातून रिमोट घेऊन तिने आवाज बंद केला, काकांच्या मांडीवर चढून बसली आणि अस्वलाकडे बोट दाखवलं.

"आजोबा, बोल," ती म्हणाली. "बोल."