बिनफोटोचं पोस्टर

“अण्णा, वरची बाजू कुठली ओ?” गठ्ठा खांद्यावर घेण्याआधी तो हे विचारायचाच. मी लाल पेन्सिलीने वरच्या कडेला रेघ मारून द्यायचो, मग तो खळीची बादली उचलून चालू लागायचा.

कमरीपेठेत माझा लहानसा छापखाना आहे. तिथली पोस्टरं धारवाडपर्यंत भिंतींवर चिकटवणं हे त्याचं काम. अक्षरओळख नव्हती. आधी तो फोटोवर भागवायचा. डोकं वर, पाय खाली. क्लासवाल्यांच्या पोस्टरांवर पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो असतातच, त्यामुळे अडायचं नाही. (तीन क्लासांच्या पोस्टरांवर एकच मुलगी पहिली आलेली तुम्हीही पाहिली असेल.) पण एकदा योगवर्गाचं पोस्टर आलं. त्यावर शीर्षासन घातलेला माणूस होता. याने धारवाडच्या सप्तापूर भागात सगळीकडे त्याला पायांवर उभं केलं. योगमास्तर तणतणत आले, मीही याला झापलं. हा म्हणाला, लोक थांबून, मान वाकडी करून वाचायलेत, आधी कधी वाचत होते? खोटं नव्हतं. तेव्हापासून मात्र तो बाजू विचारू लागला.

उणकल तळ्यामागे पत्र्याच्या खोलीत त्याचं बिऱ्हाड. मुलगी तेव्हा पाचवीत, हुशार. घरात शाळेच्या पुस्तकांशिवाय वाचायला काही नाही, म्हणून छपाईत बिघडलेले कागद तो तिच्यासाठी मागून न्यायचा.

गेल्या वर्षी एका निवासी शाळेची जाहिरात आली. पाचवी झालेल्या गरीब मुलींना प्रवेश, राहणं-जेवण फुकट. फोटो नाही, नुसती कानडी अक्षरं. छपाई इतकी साफ उतरली की एकही कागद बिघडला नाही. त्याने बाजू विचारली, मी रेघ मारली. त्याच्या मुलीची पाचवी संपत आली आहे हे मला ठाऊक होतं, पण सांगायचं सुचलंच नाही. पोस्टरं कॉलेजांसमोर, बसस्टँडवर लागली. त्याच्या गल्लीत पोस्टर लावा म्हणून कुणी कधी सांगत नाही.

दोन महिन्यांनी तो मुलीला घेऊन आला. सगळं घर गोव्याला बांधकामावर निघालं होतं, तिची शाळा सुटणार होती. बसची वाट बघताना तिने भिंतीवरचं ते पोस्टर वाचलं आणि बापाला सांगितलं. त्याने ते अलगद सोलून आणलं होतं. माझ्या टेबलावर पसरून त्याने तिला पुन्हा वाचायला लावलं. ती बोट ठेवून वाचत गेली. अर्जाच्या शेवटच्या तारखेपाशी त्याने तिला थांबवलं.

“ही तारीख झाली काय अण्णा?”

झाली म्हणालो. तरी शाळेला फोन लावला. जागा भरल्या होत्या.

“मीच लावलोय की,” तो म्हणाला. “गावभर.”

मला लाज वाटली, त्याच्याकडे बघवेना. तो कागद गुंडाळायला लागला, पण मुलीचं वाचून संपलं नव्हतं. तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ उरली होती. तीही तिने सावकाश वाचली. माझ्या छापखान्याचं नाव होतं.