पापलेटाखालची स्ट्रॉबेरी

माझ्या माळकरी सासऱ्यांना मी चॉकलेटातून पापलेट चारलं, असं सासरवाडीला अजून सांगतात. हे साफ खोटं आहे. पापलेट नव्हतं, पापलेटाचं नुसतं पाणी होतं.

साठचं दशक संपत आलं होतं. तारापूरला वीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं आणि मी तिथे नकाशे काढायच्या नोकरीला होतो. नोकरी लागली त्याच महिन्यात लग्न झालं, आणि आठव्या दिवशी बायकोला तिच्या माहेरी ठेवून मी कऱ्हाडहून एकटाच इकडे आलो. त्या आठ दिवसांत घरात इतके पाहुणे होते, की कुसुमशी माझं धड बोलणंही झालं नाही. दोघांनी मिळून केलेली गोष्ट एकच. निघताना स्टेशनावर मी चॉकलेटची वडी घेतली, साधीच, दुधाची, आणि ती आम्ही अर्धी अर्धी खाल्ली. (तिचा अर्धा भाग मोठा होता. मुद्दाम तसाच मोडला होता.) पुढचे आठ महिने मी त्या अर्ध्या वडीवर काढले. कुसुमची इतकी आठवण यायची, की नकाशात भिंत असायची तिथे मी दार काढून ठेवायचो!

तिला आणायचं तर जागा कुठे होती? क्वार्टर्स अजून बांधून व्हायच्या होत्या. मी जवळच्या दांडी गावात हिरूबाय नावाच्या मासळी विकणाऱ्या बाईंच्या घरी एका खोलीत राहत होतो. अंगणात बोंबील, ओटीवर बोंबील, खिडकीसमोर बांबूच्या मांडवावर बोंबील! आणि कुसुमच्या माहेरी 'अंडं' हा शब्दसुद्धा कुजबुजत उच्चारायचे. तिच्या वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, पत्रातून जागेची चौकशी केली. मी लिहिलं, "खुशाल पाठवा. नारळीच्या बागा आहेत, समुद्राची शुद्ध हवा आहे. मासळीचा वास म्हणाल, तर मला तरी येत नाही." हे अगदी खरं होतं. आठ महिन्यांत माझं नाकच मेलं होतं.

उत्तर आलं : "मी स्वतः कुसुमला घेऊन येतो. जागा योग्य वाटली तर ठेवीन. नाहीतर क्वार्टर मिळेपर्यंत ती आमच्याकडेच राहील." म्हणजे आणखी वर्षभर तरी!

तिच्या स्वागताला तशीच वडी हवी होती. पालघरला गेलो, तर दुकानदार म्हणाला, "नवीन आलंय साहेब, स्ट्रॉबेरीचं. मुंबईत लोक वेडे झालेत!" कागदावर लाल, ठिपक्याठिपक्यांचं फळ होतं. मी ते जन्मात खाल्लं नव्हतं. (महाबळेश्वर आमच्यापासून लांब नाही, पण स्ट्रॉबेरी साहेबलोकांनी खायची, आम्ही लांबून बघायची.) साधी वडी काय, कुणीही देईल, असा विचार करून मी शहाण्यासारखी हीच घेतली.

उन्हाळा तापला होता. पहिल्याच दुपारी वडी मऊ पडली. माठाखाली ठेवली, तर मुंग्यांनी रांग लावली. माझी धावपळ हिरूबायने पाहिली.

"काय रं भाऊ, काय लपवतंस?"

"बायकोसाठी चॉकलेट आणलंय, मावशी. वितळतंय."

"मंग मना दे की! बर्फान ठेवते. चार दिस काय नाय होत त्याला."

तिने वडी केळीच्या पानात बांधली आणि मुंबईला माल पाठवायच्या बर्फाच्या पेटीत ठेवून दिली. मला तर तिच्या पाया पडावंसं वाटलं. (त्या पेटीत बर्फाशिवाय आणखी काय असतं, हा विचार मनाला शिवला नाही. नाक मेलं की पाठोपाठ डोकंही जातं.)

ठरल्या दिवशी दोघं बोईसरला उतरली. कुसुम थोडी वाळली होती. तिच्याशी बोलावं, तर मध्ये आण्णा! एसटीने दांडी गाठेपर्यंत त्यांचं उपरणं नाकावर गेलं होतं. अंगणात ते थबकले.

"जावईबापू, हे काय टांगलंय?"

"तोरणं आहेत. तुमच्या स्वागताची."

हो, मी हेच म्हणालो!

विषय बदलायला चॉकलेट होतंच. हिरूबायने ते काढून माझ्या कोनाड्यात ठेवलं होतं. 'आत फळ आहे' म्हणत पहिला तुकडा मानाने आण्णांना दिला, दुसरा कुसुमला. आण्णांनी तो तोंडात टाकला, दोनदा चावला आणि थांबले.

"हे कसलं फळ म्हणालात?"

"स्ट्रॉबेरी. थंड हवेत होतं, आण्णा."

"पाण्यात होतं का?"

"छे, छे, जमिनीवर! चव जरा निराळी असते. सवय लागते."

मीही एक तुकडा खाल्ला. मला तर झकास लागला! कुसुम मान खाली घालून निमूट चघळत होती. तेवढ्यात हिरूबाय दारात आली.

"गावलं ना भाऊ तुजं? पापलेटांच्या खाली जाऊन बसलं व्हतं! कोपरापर्यंत हात घालून काडलं!"

आण्णांनी गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावला. अंगणात जाऊन अर्धी घागर संपेपर्यंत चुळा भरल्या आणि आत येऊन म्हणाले, "कुसुम, ट्रंक उचल. संध्याकाळची गाडी आहे."

मी मटकन ट्रंकेवर बसलो.

"आण्णा," कुसुम पहिल्यांदाच बोलली, "मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"यांचं पत्र आलं की घरभर हाच वास सुटायचा. आई पत्रं गोठ्यात ठेवायची. मी रोज गोठ्यात जाऊन वाचायचे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही पाठवलं नसतंत." तिने माझ्याकडे बोट केलं. "आपल्या घरी मासळी नव्हती आण्णा, पण हेही नव्हते."

आण्णा उपरणं झटकून म्हणाले, "जावईबापू, ट्रंकेवरून उठा. मोडेल." आणि संध्याकाळच्या गाडीला एकटेच गेले.

खोलीत आम्ही दोघंच उरलो. आठ महिने घोकलेलं सगळं बोलणं मी पार विसरलो. शेवटी विचारलं, "चॉकलेट कसं होतं?"

"वाईट! अहो, साधं का नाही आणलंत? मागच्यासारखं?"

"म्हटलं, काहीतरी नवीन..."

"मी काय नवीन खायला आले होते?"

आणि ती रडायलाच लागली. आठ महिन्यांचं रडणं होतं ते. माझेही डोळे भरून आले. मी तिला जवळ घेतलं, तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि माझ्या जन्माचं सार्थक झालं. तेवढ्यात खांद्यावरूनच हुंदका आला, "आधी आंघोळ करून या. बाहेरच्या तोरणांपेक्षा तुमच्याच अंगाला जास्त वास येतोय!"

ज्या क्षणासाठी मी आठ महिने झुरलो, तो क्षण मी विहिरीवर साबण घासत काढला.