अंजनाकाकूचा प्रश्न

चांदवडजवळच्या आमच्या गावात नवी सून आली, की हळदीकुंकवाला भर बायकांत अंजनाकाकू तिला विचारायची, "घरात कोन मारतं का गं तुला?" सुनेची मान खाली जायची, सासूचं तोंड वाकडं व्हायचं. काकू मात्र हातावरची साखर शांतपणे खायची. "इचारलं त काय झालं? नाय म्हनली तर बरंच हाय." लहानपणी मला त्याचं हसू यायचं.

काकू आमची शेजारीण. गावात कुठलीही बाई गेली की तिला शेवटची आंघोळ घालायला काकूला बोलावणं यायचं. तोंडातल्या तोंडात तिच्याशी बोलत ती हे काम मायेनं करायची. फक्त मेलेल्या सवाष्णीच्या हातात बांगड्या भरायला नाही म्हणायची. त्याचं कारण मला फार उशिरा कळलं.

तेव्हा मी नाशिकला इंदिरानगरात राहून मालिकांचे संवाद लिहू लागले होते. सुट्टीत गावी गेले असताना, कांदे निवडता निवडता काकूनं सांगितलं. फार वर्षांपूर्वी गावातल्या एका वजनदार घरची सून पाय घसरून विहिरीत पडली, असं सगळे म्हणत होते. पोलिसांना न कळवता सगळं घाईनं उरकलं. आंघोळ घालणाऱ्या चौघींना तिच्या मनगटात रुतलेल्या फुटक्या बांगड्यांच्या काचा दिसल्या, गळ्यावर बोटं उठलेली दिसली. सासूनं नवा हिरवा चुडा आणून काकूच्या हातात दिला. काकूनं तो भरला. "माझ्याच हातानं झाकलं, पोरी. ती जित्ती असताना कुनी इचारलं नाय तिला. मी पन नाय." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "लिहायचं त पोलिसाला लिही. मी जबानी देते. टीव्हीला नको."

मी टीव्हीला लिहिलं. नावं बदलली, गाव बदललं. चुडा मात्र ठेवला. प्रसंग इतका चांगला होता की सोडवला नाही. याची मला लाज वाटते.

तो भाग लागला तेव्हा गल्लीतल्या बायका नेहमीसारख्या काकूच्याच घरी टीव्हीसमोर बसल्या होत्या. विहीर सगळ्यांना आठवत होती. मालिका कोण लिहितं तेही ठाऊक होतं, आणि त्या चौघींपैकी आता काकू एकटीच उरली होती. एकेक बाई उठली. कुणी दूध तापत ठेवलंय म्हणाली, कुणी नुसत्याच चपला घालून गेली.

काकूला हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं, आंघोळीचंही. गावाची अब्रू घालवली म्हणे. मारणाऱ्यांना कुणी चकार शब्दानं विचारलं नाही. मी फोनवर माफी मागितली, तर म्हणाली, "तुझ्या टीव्हीत सासरा ढसाढसा रडला गं. हितला काल पारावर म्हनत व्हता, मालिका लय भारी हाय."

गेल्या हिवाळ्यात काकू गेली. तिला आंघोळ घालायला गल्लीतली एकही बाई आली नाही. मी पाण्याची बादली घेऊन एकटीच उभी होते. तेवढ्यात त्याच वजनदार घरची धाकटी सून मागच्या दारानं आत आली. "मला पन इचारलं व्हतं काकूंनी. मी नाय म्हनले," एवढंच बोलली आणि तांब्या उचलला. पदर खोचताना तिच्या दंडावरचे काळेनिळे वळ मला दिसले. काकूच्या देहासमोर मी तिला विचारलं, "घरात कोण मारतं का गं तुला?"

तिनं पदर सोडून पुन्हा दंडावर ओढला.

"मालिकेत नका घालू, ताई," ती म्हणाली.