शहापूरच्या गोदामात, उन्हाकडे पाठ करून

अर्चनाचा फोन आला तेव्हा मी पुण्यातल्या फ्लॅटमध्ये, बेडरूमच्या कोपऱ्यात बसून कोणाच्या तरी किचनचे ड्रॉवर आखत होते. "बाबाचं धानाचं गोदाम रिकामं पडून आहे. त्यात को-वर्किंग सुरू करून राहिली मी. डिझाइन तू कर. अन् नुसतं डिझाइन नाही वं, पार्टनर हो. इकडेच ये."

कॉलेजात आम्ही दोघी एकाच टेबलावर भांडत भांडत शिकलो, नंतर नागपुरात एकत्र कामही केलं. माझं लग्न झालं आणि ते टेबल सुटलं. आता मी दिवसभर स्क्रीनशी बोलते. पार्टनरशिपचं उत्तर समोरासमोर देईन म्हटलं आणि तिकीट काढलं.

जायचं तर थंडीत जा. पुण्याहून रात्रीच्या ट्रेनने नागपूर, उतरल्यावर तर्री-पोहे, मग भंडाऱ्याकडची एसटी. शहापूर हायवेवरच आहे, पण गाडी थांबेल ना हे कंडक्टरला आधी विचारा. दीडेक तास धरा. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे मी पोह्यांची दुसरी प्लेटही खाल्ली.

गोदाम बघून जीव हरखला. उंच छत, भिंतींना अजून धानाचा वास. मी ऐटीत लॅपटॉप उघडून प्लॅन दाखवला: काचेच्या केबिन, रंगीत सोफे, कल्पना लिहायला एक अख्खी भिंत. पूर्वेची बाजू बंद, कारण स्क्रीनवर ऊन नको. तिथल्या मोकळ्या जागेत पार्किंग.

"मस्त आहे," अर्चना म्हणाली. म्हणजे तिला आवडलं नव्हतं. एवढं तर मी ओळखतेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर आत चिटपाखरू नाही! आपापलं काम करायला आत्तापासूनच येऊ लागलेली सगळी मंडळी खुर्च्या घेऊन बाहेर, माझ्या त्या पार्किंगमध्ये, उन्हाकडे पाठ करून बसलेली. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारी प्राची स्क्रीन दिसावा म्हणून डोक्यावरून लॅपटॉपपर्यंत ओढणी पांघरून होती. शेजारी इकडच्या झाडीपट्टीत रात्रभर चालणाऱ्या नाटकांचे संवाद लिहिणारा नीलेश.

"काय पाहून राहिली एवढं?" त्याने ओढणीत डोकं घातलं.

"नवरीचा बाप रडून राहिला, पण गाणं जमून नाही राहिलं."

"गाणं कायले पाहिजे? चूप ठेव ना तेवढा वेळ. रडू दे त्याले."

प्राचीने आवाज काढून टाकला आणि तेवढा तुकडा पुन्हा लावून पाहिला. तो तसाच ठेवला. मग ती म्हणाली, "आन तुझ्या नाटकाचं पोस्टर. मी करून देतो."

मी आयडियांसाठी भिंत रंगवणार होते, बाप्पा!

प्लॅन मोडीत काढला. पार्किंग मागे गेलं. पूर्वेला लांब ओटा, त्याला प्लग, वर अर्धी सावली. उन्हाळ्यासाठी कडुनिंबाखाली दुसरी बैठक. आणि बाकं अशी जड, की सावली सरकली की हलवायला दुसऱ्याला हाक मारावीच लागेल.

"एकटीनं उचलाले नको का?" अर्चना म्हणाली.

"मुद्दामच नको."

"अन् हवा तिकडून येते, तर सावली आडवी कर." आम्ही त्यावरून तासभर कचाकचा भांडलो. कितीतरी वर्षांनी मला कोणी माझी रेघ खोडून दाखवली होती. दुपारी तिच्याकडे वालासारख्या पोपटाच्या शेंगांची भाजी आणि भात खाताना मला सारखं वाटत होतं, इथेच राहावं. अगदी मनापासून वाटत होतं.

पण लेक दहावीत. नवऱ्याची नोकरी पुण्यात. हायवेवर गाडीची वाट बघताना अर्चनाने विचारलं, "मग?"

 मी नकारार्थी मान हलवली.

"समजलं मले," ती म्हणाली. तेवढ्यात एसटी येऊन थांबली. "चढ, जागा आहे खिडकीजवळ."

पुण्याला येऊन ड्रॉइंग पूर्ण करून पाठवली. तिकडे काम झालं, ओट्यावर माणसं बसू लागली. परवा तिने फोटो पाठवला. सकाळचं ऊन, ओट्यावर सगळे, आणि प्राची, नीलेश, अर्चना पोट धरून हसताहेत. मी फोटो मोठा करून करून पाहिला. कशावर हसताहेत काही कळेना. शेवटी मेसेज टाकला, "काय झालं एवढं?"

संध्याकाळी उत्तर आलं, "अवं, काही नाही. ते सांगून नाही समजत."