नापास बाईंचा पास झालेला प्रयोग

ही हकीकत लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. निवृत्तीनंतर मी शाळेच्या आठवणी लिहिल्या, समाजाच्या अंकात त्या छापूनही आल्या. त्यांत शाळेचा शिपाई आला, पाण्याची टाकी आली, टाकीवर चढणारी माकडं आली. नापास बाई आल्या नाहीत. एकदोघांनी विचारलंही, "सर, बाईंवर काही नाही लिहिलं?" मी म्हणालो, त्यांच्यावर स्वतंत्र लिहायचं आहे. हे वाक्य मला फार उपयोगी पडलं. त्याच्या जिवावर मी दहाएक वर्षं काढली.

नापास बाई हे नाव मुलांनी दिलेलं नव्हतं, आम्ही शिक्षकांनी दिलं होतं. बाईंनी कधी कुठल्या मुलाला नापास केलं नाही. त्या स्वतःलाच नापास करत. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये येत, खडूचे हात पदराला पुसत आणि जाहीर करत, "आपला प्रयोग नापास!" दूध नासलं हे सांगावं, त्या आवाजात. मग शांतपणे डबा उघडत. आमचे वाघ सर विचारत, "हा कितवा, बाई?" बाई म्हणत, "मेलेले मोजायचे कशाला? पुढचा सोमवारपासून."

ज्यांनी मास्तरकी केली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्याकडे शिक्षकानं कृतिसंशोधन करावं अशी अपेक्षा असते. आपल्याच वर्गातली एखादी अडचण घ्यायची, तिच्यावर उपाय करून बघायचा आणि काय घडलं ते लिहायचं. कल्पना उत्तम आहे. पण माझ्या सबंध नोकरीत एकही कृतिसंशोधन फसल्याचं मी वाचलं नाही. अडचण कुठलीही असो, उपाय कुठलाही असो, शेवटच्या पानावर मुलांच्या प्रगतीत लक्षणीय वाढ झालेली असायचीच. वाघ सर शुद्धलेखनावरचं एकच कृतिसंशोधन दर साली वर्ष बदलून देत. दर साली लक्षणीय वाढ होई आणि मुलांचं शुद्धलेखन होतं तिथेच राही. आम्हां सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि कुणाचं काही बिघडत नव्हतं. एकट्या बाईंना वाटायचं की संशोधन म्हणजे खरोखरच काहीतरी शोधायचं असतं.

मी त्या वेळी आचार्य होतो. आमच्या इकडे गुजरातीत मुख्याध्यापकाला आचार्य म्हणतात, त्यामुळे माणसाचा स्वतःबद्दल उगाच गैरसमज होतो. शाळा मराठी माध्यमाची, डिंडोलीत. मुलं बहुतेक खानदेशातून लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला आलेल्या घरांतली; घरी अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती आणि आमच्यासमोर गप्प. बाई स्वतः नवागामच्या चाळीत वाढलेल्या, वडील लूमवर. या गप्प बसण्याचा त्यांना राग यायचा. "घरी ही पोरं आईला बोलू देत नाहीत," त्या म्हणायच्या, "इथेच यांना काय होतं?"

ते शोधायला त्यांनी एक प्रकार सुरू केला. खिडकीत मोबाइल ठेवून स्वतःचा तास रेकॉर्ड करायचा आणि घरी चालत जाताना कानात वायर घालून तो ऐकायचा. रस्त्यातल्या बायकांना वाटे, बाई भजनं ऐकतात. एकीनं तर विचारलं, "बाई, कोणा महाराजना आवाज शे?" बाई म्हणाल्या, "माझाच. आणि फारच बोलतात हे महाराज." त्यांच्या असं लक्षात आलं होतं की त्या प्रश्न विचारतात आणि मुलांनी तोंड उघडायच्या आत उत्तरही स्वतःच देऊन टाकतात. "पोरांना वाटत असेल, यांना येतंय ना, मग आपल्याला कशाला विचारतात?"

मग त्यांनी प्रश्न विचारून गप्प राहायला सुरुवात केली. मी फेरीवर असताना पाहिलं, तर वर्ग बाईंकडे बघतोय, बाई वर्गाकडे, आणि कुणी अक्षर बोलत नाही. मी दारातूनच विचारलं, "बाई, काय चाललंय?"

"विचार चाललाय, सर."

"कोणाचा?"

"तेच बघतेय."

हा प्रयोगही आठवड्याभरात त्यांनी नापास केला. मुलं बोलली नाहीत, दोघं झोपली आणि मी तिसऱ्यांदा दारात आलो. तिसरं कारण त्यांनी माझ्या तोंडावर सांगितलं.

आता साडीचं. आमच्या मुलांच्या घरोघरी साड्यांवर खडे चिकटवायचं काम येतं. आई लावते, तिच्याबरोबर मुली लावतात. सहावीला गणित शिकवताना बाईंना वाटलं, या मुलांना गणित परकं वाटतं, तर ते त्यांच्या घरच्या कामातून शिकवावं. त्यांनी साड्यांची, खड्यांची, कापडाच्या ताक्यांची उदाहरणं तयार केली, घरून एक साडीही आणली. मला कल्पना बेहद्द आवडली. परिसरातून शिक्षण! मी वर्गाबाहेर उभा राहून ऐकलं. बाईंनी फळ्यावर पहिलं उदाहरण लिहिलं, तसा एक मुलगा म्हणाला, "बाई, एवढे खडे कोणी नाही लावत. शेठ माल वापस करतो." एका मुलीनं बाकावर डोकं टेकलं. बाईंनी विचारलं, "काय गं, बरं नाही का?" ती डोकं न उचलता म्हणाली, "बाई, घरमा बी साडी, शाळामा बी साडी?"

मधल्या सुट्टीत बाई आल्या, पण डबा उघडला नाही. "आपला प्रयोग नापास," त्या म्हणाल्या, "आणि बरं झालं. घरी पोरी त्या खड्यांतून सुटत नाहीत. त्या इथं येतात त्या सुटायला, आणि मी दारात साडी घेऊन उभी." तरी त्यांनी तो नेटानं पंधरा दिवस चालवला, मुलं पहिल्यापेक्षा जास्त चुकताहेत हे पाहिलं आणि तसं स्वच्छ लिहून माझ्याकडे दिलं. वर मुलांनाच विचारलं, कशाची गणितं हवीत? मुलं म्हणाली, जहाजांची. हजिऱ्याच्या बंदरात येतात त्या जहाजांची. त्यांतल्या कुणी जहाज पाहिलेलं नव्हतं. बाईंनीही नव्हतं.

"सर, एकच मागणं आहे," त्या मला म्हणाल्या. "ही मुलं सातवीलाही माझ्याकडेच द्या. आत्ता कुठे तोंड उघडायला लागलीत." मी म्हणालो, "दिली."

त्याच सुमाराला शिक्षकांच्या उपक्रमांचं प्रदर्शन आलं. शाळेनं काहीतरी पाठवायलाच हवं होतं, मुलं कमी होत चालली होती, आणि माझी निवृत्ती दोनेक वर्षांवर आली तरी माझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर एकही प्रमाणपत्र नव्हतं. ही कारणं मी महत्त्वाच्या क्रमानं लिहिलेली नाहीत. मी बाईंचं लेखन घेतलं, साडी ठेवली, खडे ठेवले आणि शेवटचं पान नवं लिहिलं. लक्षणीय वाढ! बाईंचं भलंच करतोय असंही मला वाटत होतं. एवढी हुशार बाई, एकदा तरी पास व्हावी.

बाईंनी ते प्रथम वाचलं ते प्रदर्शनातल्या फलकावर. वाचून होतंय तोवर शिक्षण खात्याचे मोठे साहेब समोर येऊन उभे. "बहु सरस!" ते म्हणाले. बाई म्हणाल्या, "साहेब, हे असं घडलं नव्हतं." मी मध्येच हसलो आणि म्हणालो, "बाई फार नम्र आहेत, साहेब." साहेबही हसले. प्रमाणपत्र मिळालं.

परतताना रिक्षा पर्वत पाटियाच्या चौकातल्या गर्दीत अडकली, तेव्हा बाई बोलल्या. "सर, ते शेवटचं पान तुम्ही परत घ्या. मी घेतलं तर तुम्हाला त्रास होईल. तुम्ही घेतलंत तर कोणालाच होणार नाही." मी म्हणालो, "बघू, परीक्षा होऊन जाऊ द्या."

परीक्षेआधी साहेबच आले. त्यांना हा प्रयोग इतर मराठी शाळांतही सुरू करायचा होता, म्हणून साडीचा तास बघायचा होता. वर्गात बाई जहाजावर किती पेट्या चढतात ते विचारत होत्या आणि मुलं, मला चांगलं आठवतं, ओरडून उत्तरं देत होती. साहेबांनी विचारलं, "साडी क्यां छे?" बाई म्हणाल्या, "साडीनं उपयोग झाला नाही, साहेब. मी तसं लिहून दिलं होतं."

माझ्या खोलीत आल्यावर साहेबांनी मला विचारलं, "तो पछी आ रिपोर्ट कोणे लख्यो?" मग हा लिहिला कोणी? बाई खुर्चीत बसल्या नव्हत्या, दाराशी उभ्या होत्या. त्यांनी लिहिलेला कागद माझ्याच कपाटात होता. बाईंनी झेरॉक्स ठेवली नव्हती. आचार्यांना कागद देताना कोणी झेरॉक्स ठेवत नाही. मी म्हणालो, "बाईंनी जसा दिला, तसा मी पुढे पाठवला, साहेब."

बाई एवढंच म्हणाल्या, "सर?"

मी टेबलावरचा पेपरवेट सरकवला. बस्स.

ज्या बाईंनी आयुष्यात आपला एकही प्रयोग पास केला नाही, त्यांच्यावर निकाल फुगवल्याचा ठपका आला. वाघ सरांचं शुद्धलेखन त्या वर्षीही लक्षणीय वाढलं. बाईंची बदली तापीपलीकडच्या शाळेत झाली आणि सातवी वाघ सरांकडे गेली.

जाण्याच्या दिवशी बाईंनी कोणाबद्दल तक्रार केली नाही. वाघ सरांना मात्र त्यांनी वर्ग समजावून दिला. "त्या मागच्या मुलीला प्रश्न विचारलात की तिच्याकडे बघू नका, सर. खिडकीबाहेर बघा. मग ती सांगते. आणि त्या दोघा भावांना शेजारी बसवा, एकाला येतं आणि दुसरा बोलतो." वाघ सर मान हलवत होते. पुढे महिनाभर मी त्यांना खिडकीबाहेर बघत प्रश्न विचारताना पाहिलं. त्यावर त्यांनी कृतिसंशोधन लिहिलं नाही, म्हणजे उपयोग होत असावा. मग तेही थकले. त्या वर्गातली कितीतरी मुलं आठवीनंतर लूमवर गेली. बाई असत्या तर गेली नसती, असं मी म्हणत नाही. बाईंनाही ते पुराव्याशिवाय म्हटलेलं आवडलं नसतं. पण त्यांना करून बघू दिलं असतं, तर कळलं असतं.

अलीकडेच त्या वर्गातल्या एका मुलीचं लग्न झालं. समाजाच्या वाडीत, म्हणजे कार्यालयात, जेवण होतं, बट्टी आणि वांग्याची भाजी. बाई आल्या होत्या. केस पिकले होते. बरोबर त्यांच्या शाळेतल्या दोन तरुण शिक्षिका होत्या. मी पानावरून उठून त्यांच्याकडे गेलो. घरून निघताना वाक्य मनाशी पक्कं केलं होतं, साधं होतं, 'बाई, त्या दिवशी मी खोटं बोललो' एवढंच. बाईंनी मला पाहिलं, नमस्कार केला आणि त्या मुलींना म्हणाल्या, "हे आमचे आचार्य. माझे सगळे प्रयोग यांच्या शाळेत झाले. कधी बंद करा म्हणाले नाहीत." टोमणा शोधावा म्हणून मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. तो सापडला असता तर सोपं झालं असतं.

"सर, काही म्हणत होतात?" बाईंनी विचारलं.

त्या मुली माझ्याकडे बघत होत्या. वाढपी भांडं घेऊन मागे उभा होता.

"भाजी घेतलीत का?" मी म्हणालो. "चांगली झालीय."

"घेतली," बाई म्हणाल्या. आणि तरीही थोडा वेळ तिथेच उभ्या राहिल्या.