काविळीची माळ

आमच्या ह्यांचं पोट लग्नाआधीपासूनच नाजूक. मोठ्या आतड्याला सूज, जखमा, सारखं रक्त. गोळ्या कधी सुटल्याच नाहीत. भवानी पेठेतल्या टॉवेलच्या कारखान्यात हे कामाला; तिथंही बसायची जागा संडासाजवळची मागून घेतलेली. लोकांना असलं दुखणं सांगायची चोरी, म्हणून 'पित्ताचा त्रास' म्हणायचं. वैताग होता, पण सवयीचा.

मग गेल्या उन्हाळ्यात ह्यांच्या अंगाला खाज सुटली, डोळे पिवळे झाले. सासूबाईंनी, म्हणजे आत्यांनी, वैरागहून काविळीची माळ आणली. मुळ्यांचे तुकडे दोऱ्याच्या गाठींत अडकवलेले. आधी डोक्यावर ठेवायची. कावीळ उतरेल तशी माळ लांबते, गळ्यात येते, मग छातीवर. "आत्या, आधी डॉक्टर!" मी ओरडले. शेवटी दोन्ही केलं.

डॉक्टरांनी स्कॅन बघून आम्हा दोघांना बसवलं. साधी कावीळ नाही, पित्ताच्या नळीचा कॅन्सर आहे म्हणाले. आतड्याचं असं जुनं दुखणं असलेल्या काहींच्या पित्तनळ्याही सुजतात, आणि त्यातल्या एखाद्यालाच हा होतो. पसरलाय, ऑपरेशन होणार नाही. एखाद्यालाच! मेल्याला नेमकं आमचंच दार सापडलं. अडलेली नळी मोकळी केली, पिवळेपणा जरा ओसरला, आणि घरी आलो. "आईला यातलं काय बोलायचं न्हाय," ह्यांनी रिक्षातच बजावलं.

आत्या रोज सकाळी माळ बघायच्या. "लांबली की गं! लई गुणाची हाय!" म्हणत कण्या शिजवायला जायच्या. त्या माळेचा मला असा संताप यायचा, वाटायचं चुलीत घालावी.

एकदा सकाळी चहा घेऊन गेले, तर हे चादरीखाली काहीतरी खटपट करत होते. मी चादर सरकवली. दोन्ही हातांनी माळ ताणून गाठी सैल करत होते.

"अहो, हे काय?"

"आई यायची वेळ झाली," हे म्हणाले. "माळ लांबली न्हाय तर दिवसभर जेवत न्हाय ती."

चहा तिथंच ठेवून मी मोरीत जाऊन रडले. नळ सोडून रडले.

आता दमलोय सगळेच. माळ पोटापर्यंत आली आहे. आज सकाळी आत्यांची पावलं वाजली. ह्यांनी माळ धरली, पण बोटांत जोरच नव्हता. माझ्याकडं बघत राहिले.

मी खाली बसले, माळ हातात घेतली आणि ओढली.