तेंदूच्या पानांचा अर्थ

रविवार, ११ ऑगस्ट १९७४. सकाळी लेखनवर्गाला गेलो, दुपारी घरी आलो.

मित्रहो, आपल्या वर्गाच्या या फिरत्या वहीत मी आजवर काही लिहिलं नाही. आज लिहितो, कारण सरांनी नाव झाकून वाचलेला लेख माझा होता.

त्यात विड्या वळणारी आई वारते आणि तिने भिजवून ठेवलेल्या तेंदूच्या पानांवर मुलगा रोज पाणी शिंपडत राहतो. सर म्हणाले, लेखक कोण ते विसरा, फक्त प्रतीकं शोधा. तुम्ही शोधलीत. पानं म्हणजे कष्टकरी वर्ग, पाणी म्हणजे अश्रू. फळा भरून गेला.

भवानी पेठेतली पद्मा तेवढी म्हणाली, "पानं वाळली की मोडतात की सर. म्हणून पाणी मारतात."

"पद्माबाई, हा विडी कारखाना नव्हे," सर म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो. त्याचंच वाईट वाटतंय.

वर्ग सुटल्यावर पद्माने हळूच विचारलं, "तुमच्या घरी कोण वळतं?"

"आई वळायची. ती जाऊन पंधरा दिवस झाले."

ती म्हणाली, "कुजतील की आता ती पानं. उद्या मला आणून द्या, मी वळते."

वर्ग हसला तेव्हाच मी उठून बोलायला हवं होतं का? तुम्हीच सांगा. मी थकलोय, मला ठरवता येत नाही.

घरी आल्यावर ओलं फडकं उघडलं, काळी पडलेली पानं वेगळी काढली आणि उरलेल्यांवर पाणी शिंपडलं.